तू बांधलेली शेवटची शेंडी

ताई, चिवड्याचे केस कापले. सगळे. तुला आधी हेच सांगायला हवं, बाकीचं मागाहून. तू असतीस तर फाटक उघडता उघडताच तुला दिसलं असतं. हातातली पिशवी तिथंच टाकून ओरडली असतीस, "काय करून ठेवलं वं तू या लेकराचं?" मी म्हटलं असतं, मी नाही केलं. आणि तू विश्वास ठेवला नसतास.

भेटायला येणारे लोक सांगतात, ताई म्हणजे देवमाणूस, कधी कोणाला उलटून बोलली नाही. मी मान हलवते आणि चहा ठेवायला आत जाते. पंडरीच्या कापडबाजारातल्या ज्या साडीच्या दुकानात तू उभा जन्म काढलास, तिथल्या शेठला तू गिऱ्हाइकांसमोर काय काय ऐकवलं आहेस ते मला माहीत आहे. ते शेठही आले होते. रडले. मला देवमाणूस नको आहे, ताई. मला तू पाहिजेस, चांगली खणखणीत, कारण आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे आणि ते मी एकटीनं कसं भांडू?

आठवतं, चार वर्षांपूर्वी तू एकदम म्हणालीस, कुत्रा पाळू. घरात आपण दोघीच, दोघीही बिनलग्नाच्या, संध्याकाळी दार उघडलं की भिंतीच समोर येतात, वगैरे. मी म्हटलं, पाळ, पण भातात एक जरी केस सापडला तरी मी त्या दिवसापासून ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवणार. मला वाटलं विषय संपला. तू मात्र अर्ध्या पंडरीला विचारत सुटलीस, केस न गळणारा कुत्रा कुठला. आणि एका रविवारी रिक्षातून उतरलीस ती टोपलीत हा जीव घेऊन. पांढरा, तपकिरी, काळा, सगळं एकत्र. शित्झू जातीचं पिल्लू. "याचे केस गळतच नाही. आता बोल," म्हणालीस. रंग बघून मीच त्याचं नाव चिवडा ठेवलं. बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

म्हणजे बघ, त्याच्यापायी तू पुढची चार वर्षं जी मेहनत केलीस, ती माझ्या भाताच्या पानासाठी. हे मला तेव्हाही कळत होतं. आपल्या घरात असं काही बोलून दाखवायची पद्धत नाही, म्हणून बोलले नाही. पानात खरंच कधी केस आला नाही, ताई. एकदाही नाही.

केस गळत नाहीत म्हणजे काही करावं लागत नाही, असं आपल्याला वाटलं होतं. दोन शहाण्या. काही महिन्यांतच त्याच्या कानामागे सुपारीएवढी गाठ लागली. तू घाबरून पांढरी पडलीस, त्याला छातीशी धरून जनावरांच्या डॉक्टरकडे धावलीस. डॉक्टर हसले. ती गाठ नव्हतीच, केसांचा गुंता होता. घरी येऊन तू मला समजावलंस, जसं काही गुंता मीच केला होता. केस सगळ्यांचेच सुटतात. बाकीच्या कुत्र्यांचे जमिनीवर पडतात, झाडून टाकले की झालं. याचे सुटलेले केस उभ्या केसांत अडकून राहतात, तिथंच वळतात, घट्ट होतात आणि कातडी ओढायला लागतात.

शेजारच्या भाभी एकदा कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "दीदी, इसके तो बाल झड़ते ही नहीं, फिर रोज-रोज की कंघी काहे को?" तू फणी हातात धरूनच उत्तर दिलंस, अर्धं हिंदी, अर्धं आपलं, "झड़ते नहीं इसीलिए तो! गिरेगा नहीं तो जाएगा कहाँ? अंदरच राहते ना बापा!" भाभी "हव, हव" करत आत गेल्या. त्यांना काय कळलं देव जाणे.

मग तुझा रोजचा तो कार्यक्रम. दुकानात जायच्या आधी, मागच्या दारातल्या पायरीवर. फवाऱ्याच्या बाटलीतून आधी पाण्याचा तुषार, कारण कोरड्या केसांना फणी लावली की ते तुटतात. मग भांग पाडत पाडत, थरावर थर, पार कातडी दिसेपर्यंत. फणी आधी टोकाशी, मग मधे, मग मुळाशी. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांडीच्या आत, जिथं जिथं अंग अंगाला घासतं तिथं दोनदा. मला तर वाटायचं तू साडीचं पोत तपासते आहेस. वरवर फणी फिरवणाऱ्यांचा तुला फार राग. वरून रेशीम अन् खालून गोणपाट, म्हणायचीस. आणि आंघोळीचा नेम तर तू भिंतीवर लिहायचीच बाकी ठेवला होतास: आधी फणी, मंग पाणी. गुंत्यावर पाणी पडलं की तो बसतो, मग देवाच्या बापाला सुटत नाही.

हे सगळं करताना तू त्याला एकच सांगायचीस, "मान सरळ. हालायचं नाही." मी आत भाजी चिरत असले तरी माझी मान सरळ व्हायची. आई आजारी असायची तेव्हा माझ्या वेण्या तूच घालायचीस, आणि हेच शब्द, ह्याच आवाजात. माझे डोळे वर ओढले जाईपर्यंत घट्ट वेण्या. तुझ्या हाताला दया नव्हती, पण गुंताही राहत नसे. चिवडा मात्र ते शब्द ऐकले की लगेच पायरीवर येऊन बसायचा, हनुवटी तुझ्या गुडघ्यावर. मी इतकी शहाणी कधीच नव्हते.

आणि आपलं भांडण. दर उन्हाळ्याचं. होळी झाली की मी सुरू करायचे, "भादरून टाक ना त्याले. आपले इथं जीव चालले, अन् तो घोंगडं पांघरून फिरून राहिला." तू म्हणायचीस, "तुले काय समजते? ते केस त्याची सावली होय. काढले तर कातडं भाजन." मी म्हणायचे सावली वगैरे काही नाही, तुला हौस आहे. तू म्हणायचीस, "हौस आहे तर आहे. मी मेल्यावर कर त्याचं टक्कल." हे तू कितीदा म्हणालीस. बोलायची पद्धत म्हणून. मीही त्यावर कधी "असं अभद्र बोलू नको" म्हटलं नाही, म्हटलं, "हो, पहिलं तेच करतो, पायजो तू." आपण दोघी हसलो होतो आणि कलिंगड खाल्लं होतं.

त्या दिवशी सकाळी तू त्याची शेंडी बांधलीस. डोळ्यांवर येणारे केस गोळा करून डोक्यावर बांधायचे, त्याला तू शेंडी म्हणायचीस. रबर कधी लावलं नाहीस, केस तोडतं म्हणून. ब्लाउजपीस फाडताना उरलेल्या रुबियाच्या मऊ चिंध्या तू दुकानातून आणायचीस, रोज वेगळा रंग. त्या दिवशी पोपटी होता. गाठ मारलीस, त्याच्या नाकावर बोट टेकवलंस, मला म्हणालीस दूध आलं नाही अजून, आणि गेलीस. दुकानात कापडाचं थान उलगडता उलगडता तू खाली बसलीस म्हणे, आणि म्हणालीस, पंखा लावा. मी दवाखान्यात पोचले तेव्हा शेठ बाहेरच्या बाकावर बसले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

रात्रीतून दादा-वहिनी नागपूरहून आले, राजनांदगावहून आत्या. मग घर माझं राहिलं नाही, आणि बरंच झालं. आत्या सांगेल ते करायचं. गादीवर झोपायचं नाही, फोडणी नाही, तेल नाही, आरसा झाकला, फणी उचलून वर ठेवली. तिसऱ्या दिवशी चिवडा आपणहून पायरीवर जाऊन बसला, तुझ्या वेळेला. मी त्याची फणी आणि पाण्याची बाटली घेतली. आत्या दारातून म्हणाली, "ठेव वं ते. सुतकात फणी फिरवत नाही."

"आत्या, कुत्र्याले कायचं सुतक?"

"काहून नाही? घरातला जीव होय ना तो? तिच्या हातचं खाल्लं त्यानं. मंग धरू दे त्याले सुतक."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणाला, खरं आहे. आणि ताई, मलाही ते फार बरं वाटलं. तुझ्यासाठी घरात आणखी एकानं सुतक धरलं, असं वाटलं. मी फणी ठेवून दिली. त्याची ती पोपटी शेंडी तर मला सोडायचीच नव्हती. तू घातलेल्या वेणीवर मी झोपायचे, मोडू नये म्हणून तोंड उशीत न खुपसता, तसं काहीतरी मनात होतं. केस वाट बघत नाहीत, हे मला माहीत होतं की. चार वर्षं रोज ऐकलं होतं. पण त्या दिवसांत माहीत असलेलं काही हाताशी येत नव्हतं.

दहाव्याला सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या. दादानं मुंडन केलं. मी आत पिंडांसाठीच्या भाताशी होते. वहिनीला वाटलं, सगळे शुद्ध झाले, हा बिचारा एकटाच राहिला. तिनं अंगणातल्या नळावर त्याला बादलीनं न्हाऊ घातलं, माझा शाम्पू लावून, आणि मग टॉवेलनं खसाखसा पुसलं, मोठ्या मायेनं. मी बाहेर आले तेव्हा ती त्याला उन्हात धरून बसली होती. म्हणाली, "पाहा, कसा स्वच्छ झाला माझा राजा." तिला कोण सांगणार? आधी फणी, मंग पाणी, हे सांगणारी तू, आणि तुझाच दहावा चालू होता.

दहा दिवसांचा गुंता, त्यावर पाणी, त्यावर टॉवेलची घासाघास. ऊन लागून वाळेपर्यंत सगळं बसलं. मंडळी तेराव्यानंतर गेली आणि मी तुझी बाटली, तुझी फणी घेऊन पायरीवर बसले. फणी आत शिरेना. कुठूनच नाही. टोकाशीही नाही. बोटांनी उकलायला गेले तर कातडीसकट सगळं एकत्र हललं. त्यानं ओरडून माझा हात तोंडात धरला. चावला नाही. नुसता धरला आणि माझ्याकडे बघत राहिला. दोन संध्याकाळी मी प्रयत्न केला, खोबरेल लावलं, कात्रीनं उभे छेद देऊन पाहिले. तुला जमलं असतं असं वाटत होतं. आता वाटतं, तुलाही नसतं जमलं.

मग शंकर नगरमध्ये कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आहे तिथं नेलं. तिथल्या मुलीनं हात लावून पाहिला आणि म्हणाली, "दीदी, ये तो पूरा नमदा बन गया। उतारना पड़ेगा।" नमदा म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, आणि खरंच तसंच झालं होतं. मी विचारलं, थोडे तरी ठेवता येतील का. ती म्हणाली, कुठून ठेवू, तुम्हीच दाखवा. मला दाखवता येईना. शेवटी म्हटलं, "चोटी छोड़ दो। बस चोटी।" तिनं पोपटी चिंधीभोवती बोट फिरवलं. "ये भी कसी हुई है दीदी, भीग के सिकुड़ गई। निकाल देते तो अच्छा था।" मी म्हटलं, नाही. माझा आवाज बहुधा चढला, कारण ती लगेच मशीनकडे वळली.

ताई, ते अख्खं निघालं. एका तुकड्यात, उशीची खोळ निघावी तसं. तुझ्या चार वर्षांच्या सकाळी टेबलावर पडल्या होत्या आणि त्या मुलीनं त्या गोळा करून कोपऱ्यातल्या डब्यात टाकल्या. खाली गुलाबी कातडी, काखेत लाल चट्टे, आणि एवढासा जीव. हा एवढासाच होता? त्या केसांच्या आत एवढासाच होता आपला चिवडा? तो थरथरत होता, थंडी नव्हती तरी.

घरी आणला, आणि त्याच दिवशी दादानं फोनवर आपलं तोंड दाखवलं. गुळगुळीत डोकं आणि मागे शेंडी. इकडे हा गुळगुळीत, डोक्यावर शेंडी. मला हसू फुटलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि इतकं की दादा घाबरला.

म्हणजे भांडण मी जिंकले. तू मेल्यावर त्याचं टक्कल केलं. उन्हाळा तोंडावर आहे आणि मला त्याला दुपारी दारात बसू देता येत नाही, कातडं भाजतं. तुझंच खरं होतं. घे, मान्य केलं. आता काय उपयोग?

राहिली होती शेंडी. सगळ्या घरात तुझ्या हातची तेवढीच एक गोष्ट होती, जशीच्या तशी. लोणचं संपलं. तू घडी केलेल्या साड्या वहिनीनं उलगडून पुन्हा घडी केल्या, चांगल्या हेतूनं. अस्थी दादा राजिमला घेऊन गेला, संगमावर सोडल्या, मी घरीच होते. तू मारलेली गाठ मात्र त्याच्या डोक्यावर होती. मी संध्याकाळी दार उघडलं की आधी ती दिसायची. चिंधीचा रंग उतरला होता, तरी दिसायची.

पण ती त्याला खुपत होती. तो पंजानं डोकं ओरबाडायचा. एक भुवई वर ओढली गेली होती, तो डोळा नीट मिटेना. मी रोज म्हणायचे, उद्या. चिंधीच्या कडेला लाल झालं, मी हळद लावली. मग ओल दिसली. मग वास आला. मागच्या रविवारी दुपारी तो पलंगाखाली जाऊन बसला आणि मी बोलावलं तरी बाहेर येईना. मी हात लांब केला की डोकं मागे घ्यायचा. माझ्या हाताला घाबरून, ताई. तुझी गाठ मी त्याच्या डोक्यात रुतू दिली, आणि तो मला घाबरत होता.

तुझी बोथट टोकाची छोटी कात्री आणली, त्याला बाहेर ओढलं आणि कापली. दोनदा दाबावी लागली. खाली रुपयाएवढी जखम होती. चिंधीच्या आत, जिथं तू गाठ आवळली होतीस, तेवढ्यात मात्र केस सरळ होते. विंचरलेले. एकाला एक लागून, तू बसवलेस तसे. मी ते हातात घेऊन उभी राहिले आणि मला कळेना हे कुठे ठेवायचं. देवघरात ठेवत नाहीत. कचऱ्याच्या गाडीत मी देणार नाही. राजिमचं विसर्जन होऊन गेलं. शेवटी तुझ्या शिलाईच्या डब्यात ठेवले आणि डबा कपाटावर, हात पोचणार नाही असा.

डॉक्टर म्हणाले जखम भरेल. भरते आहे. केसही फुटायला लागले आहेत. याच्या जातीचे केस वाढायचे थांबत नाहीत, तूच सांगायचीस. सगळ्या अंगावर बारीक लव आली आहे, मखमलीसारखी, लोक हात फिरवून म्हणतात किती गोड. मी बघते आणि मला वाटतं, यातल्या एकाही केसाला तुझा हात लागलेला नाही. आता जे काही वाढेल ते सगळं असंच असेल. त्याचंही, माझंही.

आज सकाळी मी नेम धरायचा ठरवला. इतक्या आखूड केसांना फणी लागत नाही, पण सवय मोडू नये म्हणून. पायरीवर बसले, बाटली घेतली, त्याला पुढ्यात घेतला. तो चुळबुळ करत होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मान सरळ. हालायचं नाही."

तुला माहीत आहे आपले आवाज. फोनवर लोक तुला मी समजायचे आणि मला तू. शेठ तर कितीदा मलाच हिशेब सांगत सुटायचे.

चिवडा थांबला. त्यानं कान टवकारले. माझ्या हातातून निसटला आणि सगळं घर ओलांडून पुढच्या दाराशी धावला. शेपूट हलवत, नाक फटीला लावून उभा राहिला. मी मागून हाका मारल्या, तर तो आणखीच जोरात दार खरवडायला लागला. तो ज्या आवाजाला शोधत होता, त्याच आवाजात मी त्याला बोलावत होते.

मी गप्प झाले तेव्हा बऱ्याच वेळानं तो परत आला. आता त्याला विंचरताना मी तोंड उघडणार नाही.